पाचव्या शीलानंतरचा थांबा

आईच्या गळ्याला गाठ होती. माझ्या लहानपणी ती लिंबाएवढी होती, पुढे पेरूएवढी झाली. तिच्या वयाच्या अनेक बायकांच्या गळ्यांवर आमच्या भागात अशा गाठी दिसत आणि कोणी त्यांना आजार म्हणत नसे. पोत गाठीवरून एका बाजूला घसरे, आई ती बोटाने सारखी करी. तेवढाच त्रास मला दिसे. पुढे आयोडीनचे मीठ आले आणि नंतरच्या पिढीच्या गळ्यांवरून गाठी गेल्या. आई त्याआधीच गेली होती. या गाठीपासून आरंभ करण्याचे कारण एवढेच की माझ्या थोरल्या भावाच्या आजारात आमच्या घराने जी चूक केली, तिचे मूळ या गाठीत आहे.

आमचे गाव आमगाव तालुक्यात. घरी धानाची थोडी शेती. ती भावाने केली. मी शिकून भूमापक झालो आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजत हिंडलो. वडील धम्माची दीक्षा घेऊन गावी परतले तेव्हा त्यांनी घरातली मोहाच्या दारूची हंडी अंगणात आणून फोडली. भाऊ तेव्हा जाणता होता. खापऱ्या त्याने गोळा केल्या. मी दारात उभा राहून पाहिले. त्या दिवसापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही, असे भाऊ म्हणत असे. तो हे वारंवार म्हणत असे.

वडिलांच्या मागे विहारातली वंदना भावाकडे आली. तो पुढे एक एक शील म्हणे आणि लोक त्याच्या मागून म्हणत. चार शीले सरळ होत. पाचवे, मद्यापासून दूर राहण्याचे, म्हणून झाले की तो थांबत असे. डोळे उघडून पुरुषांच्या रांगेवरून नजर फिरवी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ती थोडी थांबे. हा थांबा कोणत्याही विधीत नाही. तो भावाने घातलेला होता.

त्याहून कठोर गोष्ट दारात होत असे. ज्यांच्याविषयी संशय असे त्यांना भाऊ विहाराच्या पायरीवर अडवी आणि त्यांच्या तोंडाचा वास घेई. लोक हे सहन करीत, कारण भाऊ कुणाच्या आजारपणात आणि मयतीत सर्वांत आधी पोचणारा माणूस होता. शिवाय त्याचे नाक चुकत नसे.

सर्वांत जास्त वेळा अडवला गेला तो आमच्या आळीतला मिस्त्री. घरे बांधणारा, भिंतीचा ओळंबा डोळ्याने सांगणारा माणूस. त्याचे पिणे सगळ्या गावाला माहीत होते. एका पौर्णिमेला तो पायरीवर येऊन म्हणाला, "भाऊ, सोडली मी."

"तोंड इकडं कर."

मिस्त्रीने तोंड पुढे केले. भावाने वास घेतला.

"आज नाई पेला," भाऊ म्हणाला. "सोडली का नाई ते पुढं पाहू."

मिस्त्रीने खरोखरच सोडली होती. तरीही भाऊ पुढची कित्येक वर्षे त्याचा वास घेत राहिला. मिस्त्री दर वेळी मुकाट्याने तोंड पुढे करी. एकदाच तो रांगेकडे वळून म्हणाला, "भाऊच्या नाकाले पोलीस ठाण्यात नोकरी भेटली असती गा. अठी फुकट वाया जाऊन राहिलं." लोक हसले. भाऊ हसला नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास माझी बदली गोंदियाला झाली. गावी जाणे वाढले. भाऊ थकलेला दिसे. साठीच्या आसपासचा माणूस, थकणारच, असे मी धरून चाललो. पण तो उन्हातही अंगावर शाल घेऊ लागला. बोलणे संथ झाले. पावले सुजू लागली. चपलेचे पट्टे पायावर खोल उमटत. केस विरळ झाले. रोवणीच्या दिवसांत तो बांधावर बसून राहिला आणि वहिनीने चिखलात उतरून बायांवर नजर ठेवली. हे आमच्या घरात पूर्वी कधी झाले नव्हते.

मी त्याला गोंदियाच्या एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर हिंदी बोलणारे, वयस्क, शांत गृहस्थ होते. त्यांनी पाय दाबून पाहिले, मग विचारले, "शराब लेते हो?"

भाऊ स्टुलावरून उठून उभा राहिला.

"माझ्या घरात थेंब नाई आला. माझ्या बापानं हंडी फोडली ते दिवशीपासून."

"बैठिए, बैठिए. पूछना पड़ता है."

भाऊ बसला, पण चेहऱ्यावरचा राग उतरला नाही. मग त्यानेच विषय काढला. आईच्या गळ्याची गाठ सांगितली, तिचा थकवा सांगितला, तीही उन्हात घोंगडी घेत असे ते सांगितले. डॉक्टरांनी त्याच्या गळ्यावर बोटे फिरवली. लक्षणे सगळी जुळत होती. त्यांनी थायरॉईडची तपासणी लिहिली. दारूचा प्रश्न मागे पडला आणि त्याच्याबरोबर यकृताचाही. मी डॉक्टरांना दोष देत नाही. त्या वेळी डोळे पिवळे नव्हते आणि पोट सैल सदऱ्याखाली होते. तरी एवढे नमूद करतो की त्या खोलीत तपासणीची दिशा भावाच्या रागाने ठरवली.

रक्त नागपूरला गेले आणि काही दिवसांनी आकडे आले. थायरॉईडचे दोन स्राव असतात, टी-फोर आणि टी-थ्री. आणि ग्रंथीला काम सांगणारा तिसरा, टीएसएच. टी-फोर हद्दीच्या आत होते. टीएसएच जवळपास ठीक होते. टी-थ्री हद्दीच्या खाली होते. कागदावर एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला हद्द अशी मांडणी होती. मला ती समजली, कारण माझे सगळे काम हद्दींचे. हद्दीबाहेर गेलेली वस्तू म्हणजे अतिक्रमण. ते हटवले की प्रकरण मिटते. मी तसेच समजलो.

"टी-थ्री कम है," डॉक्टर म्हणाले. "माँ को भी था. गोली शुरू करते हैं, सुबह खाली पेट."

बाहेर आल्यावर भाऊ बसस्थानकापर्यंत माझ्यापुढे चालला. बऱ्याच महिन्यांनी तो पुढे चालत होता.

"मायचा रोग होय," तो म्हणाला. "मायचा रोग मले आला."

आजारी माणसाच्या तोंडावर एवढे समाधान मी क्वचित पाहिले आहे.

पुढच्या पौर्णिमेला मी गावी होतो. वंदना झाल्यावर भावाने सगळ्यांना बसवून ठेवले आणि सांगितले की त्याला थायरॉईड आहे, तो त्याच्या आईचा आजार आहे आणि गोळी सुरू आहे. हे सांगण्याची गरज का पडली हे मला तेव्हा कळले नाही. लोकांत आधीच कुजबुज होती, हे नंतर कळले.

लोक उठू लागले तेव्हा मिस्त्री चपला शोधत म्हणाला, "भाऊ, थायरॉईड गऱ्यात होते का पोटात?"

"गऱ्यात."

"मंग गरा तं बारीक होऊन राहिला. पोटच मोठं दिसते."

"तुले भिंत कळते. तेवढी पाह्य."

"भिंतच पाहून राहिलो ना गा. भिंतीचं पोट निंगलं का घर बसते, म्हणून इचारलं."

मिस्त्रीने चपला घातल्या आणि "जयभीम भाऊ" म्हणून तो निघून गेला. मी त्याचे बोलणे उद्धट मानले. ते उद्धट होतेच. ते बरोबरही होते.

गोळीने काही काळ भावाला उत्साह आल्यासारखे वाटले. मग छाती धडधडू लागली. दंड वाळत गेले आणि पोट वाढत गेले. दिवाळीला मी गेलो तेव्हा वहिनीने मला परसात बोलावून सांगितले, "भाऊजी, यांचे डोये पाह्यले का? हळदीवानी होऊन राहिले. मी म्हणलं तं म्हणतात, गोयीचा रंग होय."

मी भावाला उजेडात बसवून त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला नेले.

नागपूरच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली, रक्त पुन्हा काढले आणि आधी मला, मग मी सांगितल्यावरून भावालाही आत घेतले. यकृत आकसून दगडासारखे झाले होते. पोटात पाणी धरले होते. रक्तात काविळीचा विषाणू निघाला, बी प्रकारचा, बहुधा फार जुना. तो कुठून आला ते सांगता येत नाही, त्या म्हणाल्या; पूर्वी एकच सुई उकळून अनेकांना टोचत, तसे कधी झाले असेल. घरच्या सगळ्यांची तपासणी करायला त्यांनी सांगितले. ती आम्ही केली. वहिनी आणि मुले सुटली. त्यांना लस दिली.

त्यांनीही दारूचे विचारले. भाऊ या वेळी उठला नाही. "नाई," एवढेच म्हणाला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "दारू न पिताही हे होते. पण थायरॉईडची गोळी बंद करा."

"टी-थ्री तर कमी आहे," मी म्हणालो. मी कागद बरोबर नेला होता.

त्यांनी तो पाहिला. "तुम्ही कुठले?"

"गोंदिया जिल्हा."

"मग तुम्हाला सोपे जाईल. गळ्यातली ग्रंथी टी-फोर पाठवते. ते धान समजा. शरीराला हवा असतो तांदूळ, म्हणजे टी-थ्री. धानाचा तांदूळ करण्याचे मोठे काम यकृतात होते. यांच्या शेतात काही बिघडलेले नाही. गिरणी बसली आहे. गिरणी बसल्यावर धानाची पोती वाढवून तांदूळ वाढत नाही. उलट पोत्यांचा भार हृदयावर पडतो."

"म्हंजे मले थायरॉईड नाई?" भावाने विचारले.

"नाही. यकृत जसे थकते तसे टी-थ्री खाली जाते. आम्ही त्या आकड्याकडे यकृताची हालत पाहण्यासाठी बघतो."

भावाने टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. जो आकडा त्याने गावासमोर ढालीसारखा धरला होता, तोच आकडा त्याचे यकृत मोजत होता.

बाईंनी विषाणूवर गोळी दिली, पाणी उतरवण्याची गोळी दिली, मीठ बंद केले. पोट रोज साफ राहावे म्हणून एक गोड पातळ औषध दिले आणि ते चुकवू नका असे बजावले. ते चुकले तर रक्तातली घाण मेंदूत जाते, बोलण्यात घोळ होतो, हात थरथरतात. पुढे तोंडाला एक गोडसर कोंदट वास येईल. तो आजाराचा असतो. हे त्यांनी बाहेर पडताना मला एकट्याला सांगितले.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी बसला होता. भंडारा रोड गेल्यावर त्याने तोंड उघडले.

"गावात थायरॉईडच सांगजो."

"का?"

"लिव्हर म्हणलं का लोक एकच समजतात. मी चाळीस वर्सं लोकाइच्या तोंडाचा वास घेतला, लहान्या. माझ्या तोंडाचा कोन घेतला?"

"तू प्यालेला नाहीस."

"तुले माहीत आहे. त्याइले कायले माहीत राहीन?"

मी त्याला म्हणालो की मी खोटे बोलणार नाही आणि कुणी विचारल्याशिवाय काही सांगणारही नाही. त्याला ते पुरेसे वाटले. मग तो पुन्हा बाहेर पाहू लागला. धान कापलेली रिकामी खाचरे मागे जात होती. एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून टोचत राहिली. 'तुले माहीत आहे' असे तो म्हणाला. पण मला काय माहीत होते? मी त्याला कधी पिताना पाहिले नाही. नोकरीची सगळी वर्षे मी बाहेरगावी काढली. त्याच्या आयुष्याचा फार थोडा भाग माझ्या डोळ्यांसमोर गेला होता. विषाणू सापडला हे खरे. विषाणू असलेला माणूस पीत नसतो, असे कुठल्या कागदावर लिहिलेले नव्हते.

पुढच्या काळात आम्ही नागपूरला जात राहिलो. प्रत्येक वेळी भाऊ विचारी, "टी-थ्री किती?" बाकीचे आकडे त्याने कधी विचारले नाहीत. मी सांगत असे. आकडा दर वेळी आधीपेक्षा कमी असे आणि भाऊ मान हलवी. नदीचे पाणी खडकावरून उतरताना माणूस पाहतो तसे. गावात तो थायरॉईडच सांगत राहिला. ती गोळी मात्र त्याने बंद केली होती. मिस्त्रीने पुन्हा काही विचारले नाही. तो दारात येई, भावाकडे पाही आणि आत जाऊन बसे. भावानेही आता कोणाला पायरीवर अडवणे सोडले होते.

माघ पौर्णिमेच्या आधी भावाचे ते गोड औषध दोन दिवस चुकले. वहिनी माहेरी मयतीला गेली होती आणि भाऊ औषध स्वतः घेत नसे. पौर्णिमेला सकाळी मी पोचलो तेव्हा तो पांढरा सदरा घालून तयार होता. मला त्याचे डोळे बरोबर वाटले नाहीत. आज दुसऱ्या कुणाला सांगू, असे मी म्हणालो. त्याने ऐकले नाही.

विहार भरले होते. भावाने हात जोडले. जोडलेले हात थरथरत होते. त्रिशरण नीट झाले. पहिले शील झाले, दुसरे झाले, तिसरे, चौथे. लोक मागून म्हणत होते. मग भाऊ थांबला आणि त्याने पुन्हा तिसरे म्हटले.

लोकांनी मागून तिसरे म्हटले. सवयच तशी होती. पुढचा जे म्हणेल ते मागच्यांनी म्हणायचे. भावाने चौथे म्हटले. लोकांनी म्हटले. भाऊ थांबला. त्याचे ओठ हलत होते. मग तिसरे. आता मागचे आवाज विरळ झाले होते. बायकांच्या रांगेतून कुणी तरी वर पाहिले. चौथे पुन्हा आले आणि त्यानंतर काहीच आले नाही. तो डोळे उघडून पुरुषांच्या रांगेकडे पाहू लागला. नजर नेहमीसारखीच चेहऱ्याचेहऱ्यावरून फिरत होती. पण या वेळी ती काही शोधत होती.

मी पुढे होणार एवढ्यात मागून मिस्त्रीचा आवाज आला.

"पाचवं राह्यलं, भाऊ."

तो टोमणा होता की मदत, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. आवाज साधा होता. भिंतीतली एक वीट राहिली, असे सांगावे तसा.

भावाने त्याच्याकडे पाहिले. "तूच म्हन," तो म्हणाला.

मिस्त्री उठून उभा राहिला. त्याने पाचवे शील म्हटले. लोकांनी म्हटले. भावानेही लोकांबरोबर, मागून म्हटले. पाचव्यानंतर जो थांबा असे तो त्या दिवशी झाला नाही. मी भावाला दंडाला धरून बाहेर आणले. पायरीवर एक तरुण दुसऱ्याला म्हणत होता, "बरोबर दारूवालंच इसरला ना बे." आम्ही जवळ आल्यावर ते गप्प झाले.

औषध दिल्यावर भाऊ दोन दिवसांत भानावर आला. काय झाले ते त्याला आठवत नव्हते. वहिनीने ते त्याच्यापासून लपवले, मी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि भिंतीकडे तोंड केले. तो फार दिवस टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होते आणि त्यालाही ते दिसत असावे. त्याने त्याबद्दल विचारले नाही. लोक काय म्हणतात, हे मात्र तो येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचू पाही.

चैत्र आला. आमच्याकडे चैत्रात मोहफुले वेचून अंगणाअंगणांत वाळत घालतात. आमच्या अंगणात कधी घातली नाहीत. पण आळीतल्या बाकीच्या घरांतून तो वास येई. गोड, जड, घशाशी बसणारा. त्याच सुमारास भावाच्या तोंडाचा वास बदलला. मी त्याला पाणी पाजताना वाकलो आणि मला तो आला. डॉक्टर बाईंनी सांगितलेले शब्द मला पाठ होते. वासाचे कारण मला माहीत होते. तरीही मला तो मोहाचा वाटला. मी पेला खाली ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथेही तोच वास होता.

एके दिवशी दुपारी भावाने मिस्त्रीला बोलावणे पाठवले. मिस्त्री कामावरून तसाच आला. हातांना सिमेंट होते.

"जयभीम, भाऊ."

"बस. लोक काय म्हणून राहिले?"

"लोकाइले काम का आहे दुसरं?"

"खरं सांग."

मिस्त्री बाजेशेजारी जमिनीवर बसला. "हळदीवानी डोये पाहून म्हणतात, लपून पेत होता म्हणून लिव्हर गेलं. म्हणून पाचवं तोंडातून निंगलं नाई."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "आजारी मानसासमोर असं बोलतेत का, बाप्पा?"

"भाऊनच इचारलं ना, वहिनी."

"तुले काय वाटते?" भाऊ म्हणाला.

"मले माहीत नाई. मी तुमाले पेताना पाह्यलं नाई. न पेताना तरी कवा पाह्यलं? मी दिवसभर लोकाइच्या भिंतीवर रायतो."

भावाने डोळे मिटले. मग म्हणाला, "तू सोडल्यावरबी मी तुह्या तोंडाचा वास घेत राह्यलो. कायले घेत होतो?"

"माझ्यावर भरोसा नोहता."

"आता तू घे."

"राहू द्या, भाऊ."

"घे म्हणलं ना."

मिस्त्री उठला. त्याने हात पँटीला पुसले, जणू हातांनी काही करायचे होते. मग तो बाजेच्या दोरीवर एक हात टेकून वाकला. भावाने तोंड उघडले आणि श्वास सोडला. मिस्त्री तसाच वाकून राहिला. बाहेर कुणी तरी मोहफुले सुपात पाखडत होते. त्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"आनखी एकदा," मिस्त्री म्हणाला.

भावाने पुन्हा श्वास सोडला. मिस्त्री सरळ झाला.

"मोहाचा नाई."

"मंग कायचा?"

"बिमारीचा. गोड आहे, पन मोहाचा नाई. मोह मी मेलो तरी इसरनार नाई."

"लोकाइले सांगशीन?"

"इचारलं तं सांगीन."

"नाई इचारलं तं?"

"तरी सांगीन," मिस्त्री म्हणाला. "पन तुमी मले इतके वर्सं पायरीवर उभं ठेवलं, त्याचं काय?"

"त्याचं काई नाई," भाऊ म्हणाला. "ते तसंच राहीन."

मिस्त्री हसला. भावाच्या तोंडावरही काही हलले. ते हसू होते असे मी म्हणणार नाही.

मी मिस्त्रीला आळीच्या वळणापर्यंत पोचवायला गेलो. वळणावर मी त्याला विचारले, "खरोखर मोहाचा नव्हता?"

तो थांबला. "तुमी शेतं मोजता. एका धुऱ्याच्या हद्दीवर दोघाइचं जमत नसन तं का करता?"

"नकाशा पाहतो."

"माझ्यापाशी नकाशा नाई, साहेब. पयल्या खेपेले मी वास पाह्यला. दुसऱ्या खेपेले त्याइचे डोये पाह्यले."

त्याने एवढेच सांगितले आणि तो कामावर गेला. पहिल्या खेपेला त्याला काय वास आला, हे मी विचारले नाही.

भाऊ वैशाख पौर्णिमेच्या थोडे आधी गेला. शेवटचे दिवस तो झोपेतच होता. नागपूरला शेवटचा जो टी-थ्री निघाला तो त्याने विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

वैशाख पौर्णिमेला विहारात पुढे कोणी बसावे याचा प्रश्न पडला नाही. लोकांनी मिस्त्रीकडे पाहिले. वंदनेआधी त्याने उभे राहून सांगितले, "भाऊ पेत नोहते. मी स्वता वास घेतला. ज्याले शंका असन त्यानं मले इचारावं." कोणी विचारले नाही. तो बसला. शीले सुरू झाली. पाचवे म्हणून झाल्यावर तो थांबला. रांगेवरून त्याने नजर फिरवली, प्रत्येक चेहऱ्यावर थोडी थांबवत, अगदी भावासारखी. माझ्यावर ती आली तेव्हा मी खाली पाहिले.

तो थांबा आजही आमच्या विहारात आहे. मिस्त्रीही आता नाही. जो कोणी पुढे बसतो तो पाचव्यानंतर थांबतो आणि रांग गप्प राहते. नव्या मुलांना वाटते, विधीच तसा आहे. मी त्यांना काही सांगितलेले नाही.

निवृत्तीनंतर मी गावच्या घरात राहतो. चैत्रात शेजारी मोहफुले वाळत घालतात आणि दुपारी वाऱ्याबरोबर तो वास पडवीत येतो, जिथे भावाची बाज होती. मी खिडकी लावून घेत नाही. हात जोडतो आणि मनातल्या मनात शीले म्हणतो. चार सरळ येतात. पाचवे चौथ्यामागून लगेच येतेच, असे नाही.